उत्तराचा रकाना

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज अकरा तक्रारी. सात गरम पाण्याच्या, दोन लिफ्टच्या, एक उशीला वास येतो म्हणून, आणि एक — "नाश्त्याला ज्यूस म्हणून जे देता ते नक्की काय आहे?" मलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

सगळ्यांना उत्तरं गेली. हेड ऑफिसनं सात उत्तरं बनवून दिली आहेत, आपण फक्त नंबर निवडायचा. दोन नंबर गैरसोयीचं, चार नंबर वाट पाहावी लागल्याचं, सहा नंबर कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचं. अठ्ठेचाळीस तासांच्या आत उत्तर गेलं नाही तर वरून फोन येतो. नळाला पाणी आलं नाही तर मात्र कुणाचाही फोन येत नाही! लॉबीत एक अभिप्राय वहीपण आहे, दोऱ्यानं पेन बांधलेली. नियम तिलाही तोच. पण वही हेड ऑफिसला दिसत नाही, म्हणून मीही तिच्याकडे बघत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बसते आणि सगळे रकाने भरून टाकते. नऊ वर्षं हे चाललंय. परवा आई म्हणाली भाजीत मीठ कमी आहे, तर माझ्या तोंडून निघालं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." आई म्हणाली, "अगं, घरी तरी माणसासारखी बोल."

खरी बातमी राहिलीच. दादाचा मेसेज! बारा तारखेला परदेशातून येतोय. आठ वर्षांनी. आठ दिवस राहणार. "घरी नाही, तुझ्या हॉटेलात उतरतो. आईनं बोलावलं तर घरी येईन. न बोलावता नाही."

पन्नास वेळा वाचला. अजून आईला सांगितलेलं नाही.

५ फेब्रुवारी

सांगितलं. आई ब्लाउजला हातशिलाई करत होती. दोरा तोडला, सुईत नवा ओवला, मग म्हणाली, "बाप गेला तेव्हा रजा मिळाली नव्हती. आता बरी मिळाली!"

एवढंच. आठ वर्षांपूर्वी फोनवर बोलली होती त्याच्याशी — "आता येऊ नकोस, तुझं तोंड बघायचं नाही मला." त्यानंतर त्याचा फोन आला की ती मशीनवर जाऊन बसते.

पण रात्रीच्या जेवणाआधी मला विचारलं, "तुमच्या हॉटेलात जेवायला काय देतात?"

मी म्हटलं, "का?"

"सहज."

७ फेब्रुवारी

तीन वेळा एकच तक्रार: "फोटोत खिडकीतून बाग दिसते, प्रत्यक्षात भिंत दिसते." दोन नंबर, दोन नंबर, दोन नंबर.

१० फेब्रुवारी, सोमवार

दादासाठी २०७ धरली. पूर्ण हॉटेलात माणसानं राहावं अशी ती एकच खोली. मागच्या बाजूला आहे, गोंगाट नाही, आणि गीझर स्वतंत्र. बाकी सगळ्या मजल्यांना पाणी तळघरातून येतं. नळदुरुस्तीवाल्याला आम्ही पाना म्हणतो, त्याचं म्हणणं, "पाणी गरमच सोडतो मॅडम, वर येईस्तोवर गार होतं. त्याला मी काय करू?" आणि एवढ्यावर खोल्यांचे दर पुन्हा वाढवले! का, तर लॉबीला नवा गालिचा टाकला.

तो माझा भाऊ आहे हे कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्याकडचा नियमच आहे — कर्मचाऱ्यांचे नातेवाईक उतरणार असतील तर मॅनेजरला कळवायचं, आणि हॉटेल भरलं की पहिली खोली त्यांचीच काढून घेतात. मग कोण सांगेल? सगळे लपवतात. स्वयंपाकघरातल्या मुख्याची सासू इथं चार दिवस राहून गेली आणि तो तिला "मॅडम, अजून काही?" विचारत होता. नवऱ्याला सोडून पाच वर्षं झाली, पण बिल्ल्यावर आडनाव त्याचंच आहे. त्या माणसाचं काहीतरी कामाला आलं म्हणायचं.

आईला म्हटलं, २०७ छान आहे, तू ये भेटायला, मी स्वतः वर नेईन. लॉबीत बसायलाही छान सोफे आहेत.

"मला वेळ नाही. सहा ब्लाउज द्यायचेत."

सहा नाहीत. दोन आहेत. मी मोजले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय लिहू! आला. केस पांढरे झालेत. मी काउंटरच्या अलीकडे, तो पलीकडे, मध्ये संगमरवर. आणि मी म्हणाले — "नमस्कार सर, आपला प्रवास कसा झाला?"

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. हसला. मग माझ्या डोळ्यांकडं बघून त्याला कळलं की थट्टा नाही, आणि हसू गेलं. मागं आमचे मॅनेजर उभे होते. प्रत्येक गोष्टीला "नंतर बघू" म्हणतात, म्हणून त्यांचं नाव नंतरसाहेब.

आणि २०७ गेली! सकाळी कुठल्याशा कंपनीची माणसं आली, नंतरसाहेबांनी उचलून देऊन टाकली. दादाला ३११. शेजारी ३१२ मध्ये फरशा फोडतायत. मी म्हटलं, साहेब, या पाहुण्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. "नंतर बघू."

बॅग उचलायलाही कुणी नव्हतं. मीच उचलली. लिफ्टमध्ये दोघंच होतो तेव्हा तो हळूच म्हणाला, "खारू, तू इथं नऊ वर्षं आहेस?" लहानपणी मी सारखी काही ना काही कुरतडत असे, म्हणून खारू. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, एक बाई आत आल्या, आणि मी म्हटलं, "हो सर."

१३ फेब्रुवारी

माझी पाळी सुरू व्हायच्या आधी तासभर गेले आणि पाहुणीसारखी त्याच्या समोर नाश्त्याला बसले. हॉटेलचा गणवेश घातला नव्हता. कुणी लक्ष दिलं नाही. टोस्ट थंड, अंडी थंड. दादा म्हणाला, "ज्यूस म्हणून हे काय आहे?"

मग त्यानं सांगितलं. बाबा गेले तेव्हा रजेचा प्रश्नच नव्हता. नोकरी गेलेली, राहण्याचे कागद संपलेले. तिथून निघाला असता तर परत शिरता आलं नसतं, आणि इथं यायला तिकीटही मित्राकडून मागावं लागलं असतं. "आईला काय सांगणार होतो? मुलगा एका खोलीत सहा जणांबरोबर झोपतो म्हणून? रजा नाही म्हणालो. ते सोपं होतं."

मी म्हटलं, मला सांग ना, मी आईला सांगते.

"नाही. हे मी तिच्यासमोर बसून सांगणार. फोनवर नाही, तुझ्याकरवी नाही. त्याच्यासाठीच आलोय गं."

थंड अंड्यांवर नजर ठेवून बसले. रडू येत होतं आणि तेवढ्यात वाढणारा येऊन म्हणाला, "बशी उचलू?"

१४ फेब्रुवारी

आईला इतकंच म्हटलं की दादा ३११ मध्ये आहे, त्याला तुला काहीतरी सांगायचंय, महत्त्वाचं. मान वर केली नाही. फ्रिजवर उद्याच्या सामानाची यादी लावलेली होती. आईच्या यादीकडं बघून मला नेहमी हसू येतं — आधी सगळी अक्षरं सुटी सुटी लिहून घेते आणि मग ओळभर एकच रेघ मारते, डावीकडून उजवीकडे, धावदोरा घातल्यासारखी. यादीत खसखस होती. काजू होते. आमच्या दोघींच्या स्वयंपाकात खसखस येऊन किती वर्षं झाली!

मी काही बोलले नाही. बोलले की ती यादी फाडून टाकेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाचे डोळे लाल. तीन दिवसांत झोप नाही. प्रवासाचा शीण, दिवसा ३१२ मध्ये हातोडे, आणि वर आमची सेवा! पहाटे पाचला चुकीच्या खोलीत उठवायचा फोन. सातला झाडणारी. आठला "सर, मिनिबार तपासायचा आहे." मिनिबारमध्ये पाण्याची एक बाटली असते. ती काय तपासणार? एसीतून पाणी गळतं, त्याखाली बादली ठेवलीय. बादलीवर आमच्या हॉटेलचं बोधचिन्ह आहे, तेवढं मात्र विसरले नाहीत.

शेवटी मीच उपाय केला. कॉम्प्युटरमध्ये खोलीपुढं "विश्रांती" म्हणून लाल खूण लावता येते. ती लागली की त्या खोलीत फोन जोडत नाहीत, झाडायला जात नाहीत, कुणी भेटायला आलं तर सोडत नाहीत, वर कळवतही नाहीत. उद्या रविवार, फरशांचं काम बंद. आणि माझी सुट्टी. म्हटलं, सोमवारी सकाळी मी येऊन खूण काढीन, तोवर मनसोक्त झोप.

"या हॉटेलात पहिल्यांदाच काहीतरी चालणार," दादा म्हणाला. निघताना माझ्या डोक्यावर टपली मारली. दुपारच्या पाळीची बाई बघत होती. आम्ही तिला दुपारवाली म्हणतो. तिला वाटलं पाहुणा अंगचटीला येतोय; तक्रार लिहून घेऊ का म्हणाली. बिचारी! नियमाची फार पक्की आहे ती. दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी खोलीचा नंबर सांगितला, वर भांडण झालं, हिला लेखी ताकीद मिळाली. तेव्हापासून सख्ख्या बापाला सांगणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. दुपारभर झोपले. उठले तर आई घरी नव्हती. सहाला आली. चांगली साडी, केसात पिन. "गिऱ्हाइकाकडं गेले होते." हातात पिशवी, पिशवीत डबा. म्हटलं डबा कसला? "त्या बाईला देणार होते. घरी नव्हती."

ऊन लागलं असावं. न जेवता झोपली. डबा तसाच ओट्यावर. उघडून पाहिला तर खसखस घातलेली भाजी. मला वाटलं आपण दादाकडं न्यायची म्हणून केलीय! विचारलं तर भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "टाकून दे."

काय झालंय काही कळत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गेल्या गेल्या खूण काढली. दादा खाली आला तो माणसात आल्यासारखा. "काल चौदा तास झोपलो, खारू! दगडासारखा." मग हळूच — "आई काय म्हणते?"

मी म्हटलं, येईल. यादीत खसखस होती.

घरी आले तर आईनं फर्मान काढलं. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही." अगं पण परवा तर — "परवाचं परवा. मला माझी जागा कळली." कसली जागा? काही नाही. मशीन सुरू. दार लावून घेतल्यासारखी ती मशीन चालवते.

मी ओरडले. खूप ओरडले. म्हटलं तू दगड आहेस. मशीन थांबलं नाही.

१८ फेब्रुवारी

दादा आज न बोलावता घरी गेला. मी कामावर असताना. त्याच्याकडून कळलं. दोन जिने चढला, बेल वाजवली, थांबला, परत वाजवली. "आत मशीन चालू होतं. मी हाक मारली तेव्हा थांबलं. मग परत सुरू झालं."

लॉबीच्या मधोमध सांगत होता मला हे. आणि नंतरसाहेब बघत होते, आणि मी वहीच्या स्टँडवरची धूळ पुसत होते. वहीची धूळ! माझा भाऊ रडायच्या बेतात आणि मी "हो सर, कळलं सर."

संध्याकाळी आईला विचारलं. "कोणीतरी बेल वाजवत होतं खरं. मी कामात होते."

तिचे डोळे सुजलेले होते. तरी मला तिची दया आली नाही. खोटं का लिहू? अजिबात आली नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेला. एक दिवस आधीच. रात्री एसीखालची बादली भरून वाहिली आणि त्याची बॅग भिजली. पाना आला, बादली रिकामी केली, परत तिथंच ठेवली. "आता चालेल," म्हणाला.

आईसाठी आणलेली कात्री माझ्या हातात दिली. शिंप्याची, मोठी, काळ्या मुठीची. खोका ओला झालेला. "तिला दे. नको म्हणाली तर तू ठेव."

"परत कधी येशील?"

"कशाला, खारू?"

टॅक्सीचं दार मी उघडलं. ते माझं कामच आहे. आणि सवयीनं, देवा, सवयीनं तोंडातून गेलं — "पुन्हा अवश्य या."

त्यानं काच वर केली.

२० फेब्रुवारी

कात्री आईच्या मशीनवर ठेवली. तिनं उचलून कपाटावर ठेवली. खोका उघडलाही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वेबसाइटवर नवा अभिप्राय. खोली ३११. पाचपैकी दोन.

"पाणी कोमट. शेजारी तोडफोड. एसी गळतो. दिलेल्या पैशांत याहून बरं कुठंही मिळेल. मी आठवडाभर एका व्यक्तीची वाट पाहिली, ती आली नाही. त्यात हॉटेलचा दोष नाही. स्वागतकक्षातल्या बाई दमलेल्या वाटतात. त्यांना कोणीतरी सुट्टी द्या."

नंतरसाहेबांनी वाचून विचारलं, "ह्या बाई म्हणजे तू का?" मी म्हटलं माहीत नाही. म्हणाले, "दमल्यासारखं दिसू नकोस."

उत्तर मलाच द्यायचं होतं. खूप वेळ बसले. खरं काय लिहिणार? सगळे बघतात. चार नंबर निवडला. "आपल्याला वाट पाहावी लागली याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

२३ फेब्रुवारी

दादानं फोन उचलला नाही.

२५ फेब्रुवारी

फोन उचलला नाही. मेसेज बघितलाय, उत्तर नाही. आईशी मी बोलत नाही, आई माझ्याशी बोलत नाही. दोघी एकाच ओट्यावर दोन वेगळे चहा करतो. आज सुट्टी मागितली. नंतर बघू.

आठ वर्षं एक आशा तरी होती की समोरासमोर आले की होईल सगळं ठीक. आता तीही नाही. पुढं काय? मी उत्तरं देत राहीन, ती शिवत राहील, आणि एक दिवस दादाला फोन करून सांगावं लागेल, आणि तो म्हणेल रजा नाही. ह्या वेळी खरंच नसेल.

३१२ चं काम संपलं. फरशी छान झालीय. गरम पाणी नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

महिन्याचा शेवट. वही उघडली. पाणी, पाणी, लिफ्ट, उशी. दोन, दोन, तीन, दोन. आणि मग एक ओळ, जिच्यावर एकच रेघ होती. डावीकडून उजवीकडे. ओळभर.

*तारीख: १६. नाव: ३११ मधल्या पाहुण्याची आई. खोली: नाही. तक्रार: मी तीन ते साडेपाच सोफ्यावर बसले. मुलीची सुट्टी बघूनच आले होते. काउंटरवरच्या बाई नीट बोलल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्या म्हणाल्या, पाहुण्यांनी कोणालाही वर सोडू नका म्हणून सांगितलंय. आई आहे म्हटलं, तरी कॉम्प्युटर बघून म्हणाल्या, कोणालाही. ठीक आहे. पण डबा तरी वर पाठवायला हवा होता. त्याला आवडते ती भाजी होती.*

खूण मी लावली होती.

पान फाडून घरी आणलंय. उत्तराचा रकाना रिकामा आहे. आई आत शिवतेय. मशीन थांबलं की जाऊन सांगते.

थांबलं.